अंड्यांच्या ट्रेमधल्या गाड्या

चुई काकांनी फोटो हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, फोटो पार नाकाशी नेऊन पाहिला आणि परत दिला.

"हा बेंग चीचा फोटो आहे," ते म्हणाले. "गाडी त्याच्या ढेरीमागे आहे."

खोटं नव्हतं ते. फोटोत स्वी लीनचा नवरा हाताची घडी घालून उभा होता. त्याच्यामागे कांचिल या लहानशा पांढऱ्या गाडीचा एक दिवा, एक आरसा आणि टपावरच्या पाटीवरचा लाल 'एल' अर्धामुर्धा, एवढंच दिसत होतं. बेंग ची मास्तर. सगळं बुकित मर्ताजाम त्याला मास्तर म्हणायचं, कारण अर्ध्या गावाला त्याने गाडी शिकवली होती. डावीकडच्या सीटवर बसून, पायाशी बसवलेल्या जादा ब्रेकवर पाय ठेवून. नोव्हेंबरातल्या पावसात एका दुपारी, जेवण झाल्यावर, खुर्चीत बसल्या बसल्या तो गेला. ड्रायव्हिंग स्कूलने त्याच्यामागोमाग कांचिलही भंगारात काढली.

आता चेंग बेंग येत होता. त्या दिवशी टेकडीवर जाऊन आपल्या माणसांची थडगी झाडायची, गवत काढायचं, जेवण मांडायचं, आणि गेलेल्याला तिकडे जे लागेल ते कागदाचं करून जाळायचं. बंगला, टीव्ही, चपला, सदरे, मोबाईल, सगळं चुई काकांच्या दुकानात मिळायचं. गाडीसुद्धा. गाडी म्हणजे मर्सिडीज. लांबलचक, काळी, चांदीच्या कागदाची चाकं, आणि पुढे टोपीवाला कागदी ड्रायव्हर. जन्मभर सायकल हाणलेला माणूस मेल्यावर मर्सिडीजमधून फिरतो, यात गावाला कधी काही वावगं वाटलेलं नव्हतं.

स्वी लीनला मात्र कांचिल हवी होती.

चुई काका म्हणाले, कांचिल कोण जाळतं गं, कांचिल जिवंतपणी चालवायची असते. ती म्हणाली, तो मर्सिडीजमध्ये बसायचा नाही, लाजेल. हे ती अशा आवाजात म्हणाली, जसं शाळेच्या कॅन्टीनमध्ये पोरांना सांगायची, करी पफ संपले.

काकांनी तिला समजावलं. त्यांचे गुडघे गेलेले, दुकानाचा उंबरा ओलांडून रस्त्यावर गाड्या बघत हिंडणं आता होणार नव्हतं. फोटो चपटा असतो, त्याला पाठ नसते. काहीतरी लहान आण, हातात धरून फिरवता येईल असं. दोऱ्याने मोजतो आणि मोठं करतो. त्यांनी खणातून एक लोखंडी खेळण्यातली मर्सिडीज काढून दाखवली. रंग पूर्ण गेलेला, दोरे गुंडाळून गुंडाळून कडा गुळगुळीत झालेल्या. गावच्या सगळ्या मर्सिडीज हिच्याच पोटच्या, ते म्हणाले.

अशी गोष्ट सुरू झाली.

लोक म्हणायचे, बाई खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नव्हतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर आपण हिरडीला बोट लावून बघतो. बोटाला हिरडी लागते, हिरडीला बोट लागत नाही. तसं तिचं झालं होतं. अंत्यविधीला ती रडली नाही. तिच्या जावेने ती कसर भरून काढली आणि नंतर घसा बसला म्हणून बार्लीचं पाणी प्यायली. सुतक आटोपताच स्वी लीन कॅन्टीनमध्ये हजर झाली, निळा एप्रन बांधला आणि नूडल्स परतायला लागली. तिच्या हातचं खारट व्हायला लागलंय, हे पोरांना कळायचं, तिला नाही. घरी मूलबाळ नव्हतं, की कोणी तिला खारट झालंय म्हणून सांगेल.

रविवारी सकाळी जुन्या मंडईमागच्या पटांगणात भंगारातल्या, मोडक्यातोडक्या आणि कधीकधी चोरीच्याही वस्तूंचा बाजार भरतो. तिथे झैनुरिनची छत्री असायची. आठवडाभर तो लॉरी चालवायचा आणि रविवारी हाताच्या बोटाएवढ्या लॉऱ्या विकायचा. पुठ्ठ्यावर प्लास्टिकच्या फुग्यात बंद केलेल्या गाड्या त्याने दोरीवर सुक्या मासळीसारख्या ओळीने टांगलेल्या होत्या.

स्वी लीनने कांचिल मागितली. झैनुरिनला वाटलं बाई गंमत करतेय. फेरारी मागा, लॅम्बोर्गिनी मागा, कांचिल काय, ती तर तिकडे कोपऱ्यावर उभी असेल. मग त्याचं लक्ष तिच्या बाहीला टाचलेल्या दुखवट्याच्या काळ्या तुकड्याकडे गेलं आणि तो जरा नीट बोलायला लागला. कांचिल निघाली होती एकदा, तो म्हणाला. थोड्याच निघाल्या. ज्यांच्याकडे आहेत ते सोडत नाहीत. बघतो.

सकाळची वेळ, पहिलंच गिऱ्हाईक. नुसता हात लावून निघून जाणं बरं दिसलं नसतं, भवानी तरी करून जावी म्हणून तिने हाताला लागली ती एक लाल टपालगाडी घेतली. आणि तिथेच उभ्या उभ्या पुठ्ठ्याच्या कडेत नख घालून टर्रकन फाडली.

छत्रीखाली बाजूच्या स्टुलावर एक जाडसर माणूस कॉफीची पिशवी धरून बसला होता. त्याच्या तोंडातली नळी तोंडातच राहिली. तो कुमारवेल. वीज कंपनीत मीटर बघायचा आणि दर रविवारी इथे येऊन बसायचा.

"आंटी," तो कळवळून म्हणाला, "पुठ्ठा फाडला?"

"आत बसून ती कशी दिसणार?"

"पुठ्ठ्यासकट ठेवायची असते हो. पुठ्ठा फाटला की गाडी मेली."

स्वी लीनने टपालगाडी तळहातावर घेऊन पुढेमागे ढकलली.

"मेली तर मेली," ती म्हणाली. "चाकं फिरतायत."

पुढच्या रविवारी ती परत गेली, कांचिल आली का विचारायला. आली नव्हती. ती एक निळी रुग्णवाहिका घेऊन आली. त्याच्या पुढच्या रविवारी दुधाची गाडी. मग हिरवी जीप. प्रत्येक वेळी कांचिल विचारायची, नाही म्हटलं की मान हलवायची, आणि मग काहीतरी घेऊनच निघायची. का घ्यायची, हे तिला कोणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. घरी ठेवायला जागा म्हणून तिने कॅन्टीनमधून अंड्यांचा रिकामा ट्रे आणला. करड्या पुठ्ठ्याचा तो ट्रे, एकेका खळग्यात एकेक गाडी, नाक वर करून. स्वयंपाकघराच्या टेबलावर तो राहायचा, सोया सॉसच्या बाटलीशेजारी.

खेळायची वगैरे नाही ती. दुपारी कॅन्टीनमधून आली की टेबलाशी बसायची आणि एक गाडी उचलून मुठीत धरायची. लोखंड आधी गार लागायचं. मग हळूहळू तळव्याएवढं कोमट व्हायचं, आणि मग मुठीत काही आहे हेच कळेनासं व्हायचं. तेव्हा ती खाली ठेवून दुसरी घ्यायची. आनंद नव्हता त्यात. गार लागणं तेवढं कळायचं.

छत्रीखालच्या लोकांनी मात्र तिला शिष्य करून घेतलं होतं, तिला न विचारताच. गाडी आधी उलटी करून पोट बघायचं, नाव पोटावर असतं. धातूचं पोट असलं तर वजनाला कळतं, प्लास्टिकचं असलं तर हलकं. एका बाजूला ओढते का हे काचेवर ढकलून बघायचं. खऱ्या गाडीचा चौसष्टावा भाग ती आपली. त्याच्याहून मोठ्या गाड्यांच्या नादी लागायचं नाही, कपाट लागतं. कुमारवेल तर अगदी हिरिरीने शिकवायचा. म्हणायचा, नव्या माणसाने आधी एक काहीतरी ठरवावं. फक्त जीपा, किंवा फक्त लाल, किंवा फक्त जपानी. नाहीतर घर भरतं.

तिने विचारलं, नाही ठरवलं तर?

"तर आंटी, बायको हाकलून देते. माझी दोनदा द्यायला निघाली होती."

"मला कोण हाकलणार," स्वी लीन म्हणाली.

तिने ते कोणाला गप्प करायला म्हटलं नव्हतं. पण कुमारवेलने नळी तोंडात घातली आणि झैनुरिनने उगाच छत्रीचा दांडा सरळ केला.

तेव्हाच कधीतरी कुमारवेलने तिला विचारलं, की या सगळ्यांत तुम्हाला कांचिलच का हवी. तिने सांगितलं. चुई काकांचं सांगितलं, दोऱ्याचं सांगितलं. नवऱ्याचं नाव सांगितल्यावर कुमारवेलने कॉफीची पिशवी खाली ठेवली. बेंग ची मास्तर? तो स्वतः त्यांच्या हाताखाली शिकला होता. परीक्षेला तीनदा बसला, तीनदा चढावर गाडी मागे गेली. मास्तर ओरडले नाहीत, फक्त जादा ब्रेक दाबून ठेवून खिडकीबाहेर बघत शीळ घालायचे. चौथ्यांदा पास झाला तर मास्तरांनी त्याच्याकडून कॉफी उकळली.

"आणि माझ्या बायकोला," तो म्हणाला, "पंधरवड्यात तयार केलं. म्हणायचे, बायकांना शिकवायला सोपं, ऐकतात."

स्वी लीनने मान हलवली. लग्नानंतर तिनेही एकदा विचारलं होतं, मला शिकवशील का. बेंग ची म्हणाला होता, दिवसभर ब्रेक दाबून पाय दुखतो, आता घरीपण दाबू काय. तेव्हा ती हसली होती. पुन्हा विचारलं नाही. कांचिल स्कूलची, संध्याकाळी स्कूलमध्येच राहायची. ही दोघं देवळात जायची ती मोटारसायकलवरून. त्या गाडीत ती कधी बसलीच नव्हती.

पुढच्या रविवारी कुमारवेलने रुमालात गुंडाळून कांचिल आणली. पांढरी नव्हती, चंदेरी होती, पण कांचिलच. पुठ्ठ्यात, एकही घडी न पडलेली. त्याने खिशातून ब्लेड काढलं, डोळे मिटले नाहीत पण मिटल्यासारखं तोंड केलं, आणि प्लास्टिकचा फुगा स्वतःच्या हाताने कापला. झैनुरिन लॉरीवाला, अपघात बघितलेला माणूस, तोही दुसरीकडे बघत होता.

"उसनी देतोय," कुमारवेल म्हणाला. "काकांचं मोजून झालं की परत."

चुई काकांना गाडी आवडली. पिसोरी हरणाचं नाव दिलंय ते उगाच नाही, म्हणाले, ढुंगण बघ कसं. दोरे गुंडाळले, बांबूच्या कामट्या चिरल्या, साबुदाण्याची खळ शिजवली. स्वी लीन दुपारी कॅन्टीनमधून परस्पर तिकडे जाऊन बसायला लागली. आधी नुसता सांगाडा होता, मग त्याच्यावर पांढरा कागद चढला, मग दिवे आले. टपावर पाटी बसली. डाव्या सीटच्या पायाशी काकांनी काडेपेटीच्या तुकड्याचा जादा ब्रेक केला आणि बोटाने दाबून दाखवला.

मग म्हणाले, आता माणूस. बेंग चीला करायचा नसतो, तो स्वतः येऊन बसतो. पण उजवीकडे चाकावर कोणीतरी हवा. मर्सिडीजवाला टोपीतला ड्रायव्हर या गाडीत मावणार नव्हता, टोपी टपाला लागत होती. नवा कापावा लागेल. कसा करू?

"बाई कर," स्वी लीन म्हणाली. "शिकणारी."

काकांना गंमत वाटली. शिकणारी म्हणजे बेंग चीला तिकडे कामही झालं. ते खुशीत कात्री चालवायला लागले. वयाने कशी?

"साठीला आलेली. चष्मा. केस मागे, एकच पिन. ब्लाउज हिरव्या फुलांचा."

काकांनी काळ्या कागदाचे केस कापले. तारेचा चष्मा वळवला. हिरवा कागद शोधला, त्याच्यावर ब्रशने फुलं टिपली. डोळे तेवढे राहिले, ते सगळ्यात शेवटी काढायचे असतात, डोळे आले की बाहुलीत जीव येतो.

"नाव काय लिहू? पाठीवर नाव लागतं. नाहीतर तो हाक कशी मारणार."

"नाव नको. तो ओळखेल."

काकांचा ब्रश हवेतच थांबला. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. चष्मा, एक पिन. निळ्या एप्रनच्या वर हिरव्या फुलांचा गळा. त्यांनी ब्रश पाण्यात टाकला, बाहुलीची मान मोडू नये अशा बेताने चष्मा काढला, केस सोडवले, ब्लाउज सोलला आणि उरलेली कोरी कामटी आपल्या मांडीखाली सरकवली.

"मी जिवंत माणूस करत नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "बापाने मला पहिलं हेच शिकवलं. जिवंत माणूस जाळला की तो जातो. तुला हे माहीत नाही?"

"माहीत आहे."

"मग?"

स्वी लीन विचार करत बसली. टाळाटाळ नव्हती ती, खरंच शोधत होती.

"दुसरी कुठली बाई डोळ्यांपुढे आली नाही," ती म्हणाली.

"तुला जायचंय का त्याच्यामागे? सरळ सांग. डोळे नव्हते काढले म्हणून वाचलो आपण."

"काय माहीत, काका. जायचंय असंपण वाटत नाही. राहायचंय असंपण वाटत नाही. काहीच वाटत नाही."

चुई काकांनी या धंद्यात हयात घालवली होती. ऊर बडवणाऱ्या बायका, शवपेटीवर उडी टाकणारे मुलगे, वाटणीवरून दुकानातच हाणामारी करणारे भाऊ, सगळ्यांसाठी त्यांच्याकडे काही ना काही बोलणं असायचं. हिच्यासाठी मात्र त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि तिच्या हातात दिला. ती तो पिऊन होईपर्यंत थांबले.

मग म्हणाले, ऐक, सीट रिकामी जाईल, नाहीतर ही गाडी जाणार नाही. तुझ्या दिराने मर्सिडीज सांगितलीच आहे, ती तयार आहे.

"रिकामी गेली तर चालवणार कोण?"

"अगं, त्याने गावाला शिकवलं. त्याला स्वतःला येत नसेल होय?"

हे तिला सुचलंच नव्हतं. तिने बेंग चीला चाकावर बसलेला मनातल्या मनात बघायचा प्रयत्न केला. तो पुन्हा पुन्हा डावीकडेच जाऊन बसत होता.

"तो उजवीकडे बसत नाही," ती म्हणाली. "कोणाची तरी वाट बघत बसेल."

"मग त्याला सांग. मला काय सांगतेस, नवरा तुझा. कागदाचं काम माझं, निरोप तुझा." काकांनी मांडीखालची कामटी काढून कोपऱ्यातल्या ढिगात फेकली. "आणि काय ते स्पष्ट सांग. येणार असलीस तर येते म्हण, नसलीस तर नाही म्हण. मेलेल्यांना टांगून ठेवू नये. ते फार वेळ थांबू शकतात, आपल्याला ते परवडत नाही."

ती कांचिल घेऊन घरी आली. धातूची मुठीत, कागदाची पेटीत. चेंग बेंगपर्यंतच्या दिवसांत भांडी घासताना ती मनाशी वाक्य जुळवायला बघायची. मी येणार नाही. म्हणून बघायची. मग म्हणायची, मी येते. दोन्ही वाक्यं सारखीच वाटायची, दोन्हींना चव नव्हती. तिला स्वतःचीच काळजी वाटायला हवी होती. तीही वाटली नाही.

चेंग बेंगच्या सकाळी टेकडीवर मुंग्यांसारखी माणसं होती. दीर तेक हुआत पिकअपच्या टपावर मर्सिडीज बांधून घेऊन आला. हार्डवेअरचं दुकान त्याचं, दोरी बांधण्यात कसूर नव्हती. मर्सिडीजशेजारी कांचिल ठेवल्यावर तो तिच्याभोवती एकदा फिरला. पाटीकडे बघितलं. म्हणाला, वहिनी, हे काय, लोक हसतील. शिकाऊ गाडी पाठवायची? तिकडे पोलिसांनी अडवलं म्हणजे?

"पोलिसांनापण त्यानेच शिकवलं असेल," ती म्हणाली.

जाऊ खुदकन हसली आणि मग हसलो म्हणून दचकली.

गवत काढून झालं. कोंबडी, डुकराचं भाजलेलं मांस, भात, काळी कॉफी मांडली. उदबत्त्या अर्ध्यावर आल्यावर तेक हुआतने दोन नाणी टाकून विचारलं, दादा, जेवण झालं का. एक छाप, एक काटा. झालं. मग विचारलं, दोन्ही गाड्या पाठवतो, चालेल ना. दोन्ही नाणी छापावर पडली. म्हणजे मेलेला माणूस हसतोय. तेक हुआत जरा खट्टू झाला, त्याने परत टाकली. आता हो आलं. त्याने काठीने जमिनीवर रिंगण ओढलं, वाटेतल्या भुरट्या भुतांनी सामान लांबवू नये म्हणून, आणि दोन्ही गाड्या रिंगणात ठेवल्या. पेटवायच्या आधी नाव घेऊन बोलवावं लागतं. तेक हुआतने खणखणीत आवाजात बोलावलं. दादा, ये, तुझी मर्सिडीज घे. ड्रायव्हरचं नाव आ हॉक आहे. चांगला आहे, दारू पीत नाही.

मग त्याने लायटर लावला. मर्सिडीजने आधी पेट घेतला, भसकन, टोपीसकट. कांचिलच्या कडेला ज्योत लागली आणि कागद तपकिरी व्हायला लागला. सगळे स्वी लीनकडे बघत होते. तिने अजून हाक मारली नव्हती.

ती रिंगणाच्या काठाशी गेली. आच तोंडावर येत होती. तिने कांचिलच्या खिडकीतून आत बघितलं. डावी सीट, काडेपेटीचा ब्रेक. उजवी सीट. दोन्ही रिकाम्या, एकसारख्या पांढऱ्या, कुठल्याही बाजूने बसता आलं असतं.

"बेंग ची," तिने हाक मारली.

 पाटीचं एक टोक वळायला लागलं. तेक हुआत पुटपुटला, वहिनी, बोला पटकन, जातेय.

"उजवीकडे बस," स्वी लीन म्हणाली. कॅन्टीनमध्ये रांग मोडणाऱ्या पोराला सांगावं तसं. "तिकडे कोणी येणार नाही. मी येत नाहीये. सरक आणि बस."

टप आत खचला. खिडक्यांतून एकदम ज्वाळा बाहेर आल्या आणि मग गाडी कुठली, बांबूच्या लाल कामट्या तेवढ्या उभ्या राहिल्या, आणि त्याही एकेक करून बसल्या. स्वी लीनच्या पापण्यांना धग लागली म्हणून ती मागे सरली. जाऊ तिच्या खांद्यावर हात ठेवून रडायला लागली होती. स्वी लीनने तिला रडू दिलं. डोळ्यांतून पाणी तिच्याही आलं, पण ते धुराचं असावं, कारण तेक हुआतच्याही येत होतं आणि तो मांसाचे तुकडे डब्यात भरत होता. राख निवल्यावर जावेने विचारलं, वहिनी, आमच्याकडे चला जेवायला. ती म्हणाली, नको, उद्या शाळा आहे, भाज्या चिरून ठेवायच्यात. हेही तिने पूर्वीच्याच आवाजात सांगितलं. तिच्यात काही बदल झालाय असं कोणाला वाटलं नाही, आणि तिलाही नाही.

रविवार आला. आता मंडईमागे जायचं काही कारण नव्हतं, कुमारवेलची गाडी परत करण्याखेरीज. तेवढ्यासाठी ती गेली. झैनुरिनने स्टूल पुसून पुढे केलं. कुमारवेल यायचा होता. ती बसली. दोरीवर टांगलेल्या गाड्या बघत राहिली, कुठलीही शोधत नव्हती. टोकाला एक कचऱ्याची गाडी होती. पिवळी, मागचं झाकण वर होणारी, बोजड, बेढब. मीटरवाले आणि लॉरीवाले हिच्याकडे बघतसुद्धा नाहीत, झैनुरिन म्हणाला, महिनाभर टांगलीय. तिने ती काढायला सांगितली, पैसे दिले, पुठ्ठा फाडला. झाकण नखाने वर केलं. खाली केलं. पुन्हा वर केलं.

कुमारवेल कॉफीची पिशवी हलवत आला. कसं झालं विचारलं. झालं, ती म्हणाली, आणि रुमालातली चंदेरी कांचिल त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली नाही. तो जरा घुटमळला, मग म्हणाला, असू दे आंटी, तुम्हीच ठेवा. पुठ्ठा तर गेलाच आहे. आणि ती मास्तरांची गाडी.

"फुकट नको."

"फुकट कोण देतंय. आपल्यात अदलाबदल चालते." त्याने तिच्या दुसऱ्या हाताकडे बोट केलं. "ती कचऱ्याची द्या. कांचिल तुमची."

सौदा उघड उघड तिच्या फायद्याचा होता. झैनुरिनसुद्धा मान डोलावत होता, घ्या आंटी, हा येडा झालाय, घेऊन टाका. स्वी लीनने दोन्ही तळहात पुढे करून दोन्ही गाड्या शेजारी शेजारी धरल्या. कांचिल सुबक होती. तिचा प्रत्येक कोपरा आता तिला पाठ झाला होता. कचऱ्याच्या गाडीचं झाकण अर्धवट उघडं राहिलं होतं.

कुमारवेलने हात पुढे केला. तिची बोटं पिवळ्या गाडीवर मिटली. आपण मूठ वळली आहे हे तिला आधी दिसलं, मग कळलं.

"ही नाही," ती म्हणाली.

"अहो, साधी आहे ती. कुठेही मिळेल."

"मग कुठेही मिळव तू. ही नाही देणार."

कुमारवेल झैनुरिनकडे बघायला लागला. झैनुरिनने खांदे उडवले. मग कुमारवेलने तळहात उताणा केला, आणि स्वी लीनने कांचिल त्याच्यावर ठेवली, चाकं खाली करून, घसरू नये अशी आडवी.